पत्र्याखालची डीबी-४

प्रश्न थोडक्यात असा आहे: अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-५ ला ब्रिटिश ग्रँड टूरर, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान पण आरामशीर गाड्यांचा कळस म्हणतात. पण तिचा आकार इटलीत काढला आणि इंजिन पोलंडच्या माणसाने केलं, मग तिच्यात ब्रिटिश ते काय? बॉनेटवर लिहिलेलं 'सुपरलेजेरा' म्हणजे नेमकं काय, आणि अशी बॉडी दुरुस्त करायला एवढा खर्च का येतो? शिवाय विचारणारे पुढच्या महिन्यात इंग्लंडला निघालेत. एखादी गाडी जवळून बघायला मिळाली तर काय बघावं, तेही त्यांना हवंय.

आधी एक गोष्ट. तुम्ही विचारलंय डीबी-५ बद्दल, पण मी बरंचसं बोलणार डीबी-४ बद्दल. नाव झालं डीबी-५ चं, गाडी मात्र घडली डीबी-४ मध्ये. १९५८ ते १९६३ या काळात डीबी-४ च्या पाच मालिका निघाल्या आणि डीबी-५ ही खरं तर सहावीच. पाचवी मालिका आणि डीबी-५ शेजारी शेजारी उभ्या केल्या तर जाणकारालाही क्षणभर थांबावं लागतं.

मी इंजिनिअर नाही, डेंटर आहे. पुण्यात लोखंडी पत्रा ठोकायला शिकलो आणि मग एकवीस वर्षं इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये जुन्या गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमवर काढली. त्यामुळे माझं सगळं पत्र्यापासून सुरू होतं. इंजिनाचं जे काही सांगेन ते शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्यांकडून ऐकलेलं आणि त्यांच्या हाताखाली पाने देता देता पाहिलेलं.

डेव्हिड ब्राउन हा यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डचा कारखानदार. घराण्याचा धंदा गिअर बनवण्याचा, जोडीला ट्रॅक्टर. १९४६ च्या अखेरीस 'द टाइम्स'मध्ये मोटारींचा एक धंदा विक्रीला असल्याची जाहिरात त्याने पाहिली आणि १९४७ मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन २०,५०० पौंडांना घेतली. त्याच वर्षी लगोंडा ही दुसरी मोटार कंपनीही घेतली, ५२,५०० पौंडांना. लगोंडाला दुपटीहून जास्त का मोजले? तिच्याकडे डब्ल्यू. ओ. बेंटली यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं सहा सिलिंडरचं ट्विन-कॅम इंजिन होतं. अ‍ॅस्टनकडे चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, चांगली होती पण अंगात जोर नव्हता. दोन्ही घरं जोडली गेली आणि त्यातून डीबी-२, डीबी-२/४, डीबी मार्क ३ अशा गाड्या निघाल्या. 'डीबी' ही ब्राउनचीच आद्याक्षरं. पण ते इंजिन २.६ लिटरपासून ताणत ताणत २.९ पर्यंत आणलं होतं, आणखी ताणायला त्यात जागा उरली नव्हती. १९५० च्या दशकाच्या मध्यावर सगळंच नव्याने करायची वेळ आली: इंजिन, चेसिस, बॉडी. जागासुद्धा बदलत होती. फेल्टमहून काम बकिंगहॅमशरमधल्या न्यूपोर्ट पॅग्नेलला सरकत होतं. तिथे टिकफर्ड हा जुना कोचबिल्डर ब्राउनने विकत घेतला होता. घोडागाड्यांच्या काळापासून बॉडी बांधणारी माणसं त्यामुळे आयती मिळाली. पुढे या गोष्टीला फार महत्त्व आलं.

आता माझं मुख्य म्हणणं सांगतो. या गाडीचं ज्या ज्या गोष्टींसाठी कौतुक होतं, त्यातल्या बऱ्याच कुणी आधी ठरवलेल्या नव्हत्या. त्या गळ्यात पडल्या होत्या. अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन असंच आलं, चेसिसही तशीच आली. आणि दुरुस्तीला उघडलेल्या गाडीत या नाइलाजांचे वळ आजही दिसतात.

चेसिसचंच घ्या. चेसिस हॅरल्ड बीच या इंजिनिअरकडे होती. त्याने आधी कडेने फिरणारी चौकट आखली होती, आणि तिच्यावर कंपनीच्या फ्रँक फीलीने काढलेली बॉडी बसणार होती. जनरल मॅनेजर जॉन वायरला ती बॉडी पसंत पडली नाही. मिलानच्या टूरिंग या कोचबिल्डरने डीबी-२/४ च्या चेसिसवर नुकत्याच तीन उघड्या गाड्या बांधल्या होत्या, त्या ओळखीवर काम मिलानला गेलं. टूरिंगच्या लोकांनी बीचची चौकट पाहिली आणि सांगितलं की आमच्या पद्धतीला ही चालणार नाही, आम्हाला खाली सलग तळ हवा. बीचने चौकट बाजूला ठेवली आणि साधारण सहा आठवड्यांत पोलादी पत्र्याचा, पेट्यांसारखे भाग वेल्ड करून जोडलेला सपाट तळ नव्याने आखला. हाच तो प्लॅटफॉर्म चेसिस. डीबी-४, ५ आणि ६ या तिन्ही गाड्यांचं पाऊल त्याच्यावरच आहे.

इटालियन लोक एवढे का अडून बसले, हे कळायला सुपरलेजेरा समजून घ्यावी लागेल. या शब्दाचा अर्थ 'अतिहलकी'. टूरिंग १९२६ साली मिलानमध्ये सुरू झाली. सुरुवातीला ते लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बॉडी बनवण्याची वेमान पद्धत परवान्याने वापरत. त्यातूनच फेलिचे बियांकी आंदेरलोनी यांनी १९३० च्या दशकात पुढची पायरी गाठली. लाकडाच्या जागी बारीक पोलादी नळ्या आणि कापडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. १९४० ची मिल्ले मिलिया शर्यत जिंकलेली बीएमडब्ल्यू ३२८ याच पद्धतीने बांधलेली होती.

डोळ्यांपुढे असं आणा. तळाच्या चेसिसवर करंगळी-अंगठ्याएवढ्या जाडीच्या नळ्यांचा पिंजरा उभा केलाय. एक नळी काचेच्या चौकटीतून टपाच्या कडेने मागे डिकीपर्यंत जाते, एक मडगार्डच्या पाठीवरून, काही दारांच्या भोवती. वाकवलेल्या या नळ्या गाडीचा आकार आधी हवेत काढून ठेवतात. मग त्यांच्यावर हाताने घडवलेला पत्रा चढवायचा. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांचं वेल्डिंग होत नाही, म्हणून पत्र्याची कड नळीभोवती दुमडून घट्ट करायची, घरी करंजीची कड मुरडतात तशी. मध्ये कापडाची पट्टी, म्हणजे दोन धातू एकमेकांना थेट लागत नाहीत आणि खडखडही होत नाही. पत्र्याच्या अंगावर भार असा जवळजवळ काहीच नाही, तो नुसता पांघरूण आहे. पण नळ्याही बारीक, एकट्याने त्या काय पेलणार? त्यांना खाली भक्कम, न पिळवटणारा तळ लागतो. बीचच्या चौकटीत तो नव्हता. चौकट जरा पिळवटली की नळ्या हलणार, नळ्या हलल्या की पत्र्यावर सुरकुत्या पडणार. इटालियन लोक अडून बसले ते त्यासाठी.

आणि गंमत अशी की एवढं करून डीबी-४ काही फार हलकी झाली नाही. वजन साधारण १,३०० किलो. तळाच्या पोलादाने वरच्या अ‍ॅल्युमिनियमची बचत खाऊन टाकली. सुपरलेजेराने या गाडीला वजनापेक्षा जास्त आकार दिला, असं माझं मत आहे. नळी वाकवून रेषा ठरवता येते म्हणून खिडकीचे खांब एवढे बारीक ठेवता आले. टपाची ती रेषा काचेपासून डिकीच्या टोकापर्यंत एका श्वासात उतरते. त्या काळात दाबाखाली ठोकलेल्या पत्र्याच्या बॉडीत ती इतकी नाजूक आलीच नसती. ही रेषा टूरिंगच्या फेदेरिको फोरमेंतीची.

मग ब्रिटिश काय? तोंड. पुढची जाळी बघा, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना खांदे पाडल्यासारखी. ती १९५३ च्या डीबी-३एस या शर्यतीच्या गाडीवर फीलीने काढली होती, तिथून ती डीबी मार्क ३ वर आली, आणि टूरिंगने ती तशीच उचलली. ज्याची बॉडी नाकारली त्याचाच चेहरा ठेवला! आजच्या अ‍ॅस्टनवरही त्याच जाळीचे वंशज आहेत. फीलीचं नाव मात्र फार कमी लोकांना माहीत असतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. दुसरी गोष्ट, टूरिंगने नकाशे, नमुना आणि परवाना दिला, गाड्या मात्र बांधल्या न्यूपोर्ट पॅग्नेलच्या माणसांनी. इटालियन रेषा इंग्लिश हातोडीने ठोकली गेली, आणि दोन्हीकडच्या सवयी वेगळ्या आहेत. इटलीतल्या जुन्या गाड्यांच्या पत्र्याची आतली बाजू मी पाहिलीय. तिथे वाळूच्या पिशवीवर ठोकून आकार काढलेला असतो, आतून ठोके स्पष्ट दिसतात आणि डावं-उजवं मडगार्ड नीट मोजलं तर सारखं निघत नाही. इंग्लिश कारागीर व्हीलिंग मशीनवर वाढलेला. दोन चाकांच्या मधून पत्रा शेकडो वेळा मागे-पुढे सरकवत तो आकार फुगवतो. पत्रा आतूनही गुळगुळीत निघतो. डीबी-४ चं मडगार्ड आतून बोटांनी चाचपलं की ते कुठे बनलं हे कळतं.

आता अ‍ॅल्युमिनियम ठोकणं म्हणजे काय ते सांगतो, कारण खर्चाचं अर्धं उत्तर त्यात आहे. हा पत्रा साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा. ठोकत गेलं की तो कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्याला मठार घालताना पाहिलं असेल, तिथेही तेच. मठाराच्या ठोक्यांनी तांबं कडक होतं म्हणून भांडं टिकतं. पण आकार अजून खोल न्यायचा असेल तर धातू तापवून परत मऊ करावा लागतो, नाहीतर तो तडकतो. तांबं तापलं की रंग दाखवतं. अ‍ॅल्युमिनियम दाखवत नाही. ते मऊ होण्याच्या तापमानाला पांढरंच असतं आणि थोडं पुढे गेलात की कसलीही सूचना न देता खाली गळून पडतं. म्हणून आधी पत्र्यावर साबणाची वडी घासतात किंवा अ‍ॅसिटिलिनच्या धुरकट ज्योतीने काजळी धरवतात. मग नीट ज्योत करून हळू फिरवायची. साबण काळपट तपकिरी झाला किंवा काजळी उडून गेली की थांबायचं. पहिल्या वर्षी मी असा एक दाराचा पत्रा जमिनीवर सांडलाय. शब्दशः सांडलाय. उस्ताद काही बोलला नाही, त्याने नवीन पत्रा आणि झाडू एकदमच हातात दिला.

पण दुरुस्तीचा खरा खर्च वरच्या पत्र्यात नसतो. तो खाली असतो. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारट ओलावा गेला की तिथे बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं, त्याची पांढरी भुकटी होते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. वर सांगितलेल्या कापडाच्या पट्ट्या पन्नास-साठ वर्षांत कुजतात आणि उलट पाणी धरून ठेवायला लागतात. वरून गाडी झळाळत असते आणि रंगाखाली नळीच्या रेषेवर बारीक फोड उठायला लागतात. फोड दिसले की नळी उघडायची, आणि नळी उघडायची म्हणजे दुमडलेली कड उलगडायची. दुमडून पन्नास वर्षं झालेलं अ‍ॅल्युमिनियम उलगडताना तडकतं. म्हणजे सहा इंच नळी बदलायला अख्ख्या मागच्या मडगार्डचा पत्रा कापावा लागतो. मग कळतं की नळीचं खालचं टोक ज्या सिलवर, म्हणजे दाराखालच्या उंबरठ्यावर टेकलंय, तो आतून गंजलाय. सिल हा चेसिसचाच भाग. तो कापला की वरचा पिंजरा आधाराविना राहतो, म्हणून आधी दारांच्या जागी आडवे-तिरपे टेकू लावून घ्यावे लागतात. ते न लावता कापलं तर दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. जुनं घर दुरुस्त करणाऱ्या गवंड्याला हे सांगावं लागत नाही, पण गाडीवाल्यांना सांगावं लागतं.

अशी एक डीबी-४ आमच्याकडे आली होती. आधी दुसऱ्या कुणीतरी 'पूर्ण नवी' केलेली, बिलांची फाईल विटेएवढी जाड. मालकाची तक्रार एवढीच की डावं दार उन्हाळ्यात लागतं आणि हिवाळ्यात लागत नाही. उघडून पाहिलं तर सिलवर नव्या पत्र्याचं नुसतं झाकण बसवलेलं, आत जुना गंज तसाच. आणि दाराची फट सारखी दिसावी म्हणून कडेला पाऊण सेंटिमीटर पुट्टी भरलेली. गाडी विकत घेताना त्या माणसाने चुंबक लावून पाहिलं होतं! अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही, पुट्टी असो वा नसो. अशा गाडीवर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि ऐकायचं. पातळ पत्रा ताटासारखा वाजतो, पुट्टी वाजत नाही. ती गाडी आमच्याकडे चौदा महिने होती.

इंजिनाकडे वळतो. तादेक मारेक क्राकोवचा, शिक्षण बर्लिनला. युद्धात ब्रिटनला आला, रणगाड्यांच्या कामावर होता, मग ऑस्टिनमध्ये आणि १९५४ पासून अ‍ॅस्टन मार्टिनमध्ये. त्याने नवं सहा सिलिंडरचं इंजिन आखलं: बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९२ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, तीही ९२ मिलिमीटर, ३,६७० घनसेंटिमीटर, क्रँक पेलणारी सात मेन बेअरिंग, वर झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट. मारेकच्या मनात ब्लॉक बिडाचा होता. त्याला लांब पल्ल्याला टिकणारं, रोजच्या गाडीचं इंजिन करायचं होतं, शर्यतीचं नाही. पण जी फाउंड्री काम घ्यायला मोकळी होती ती अ‍ॅल्युमिनियम ओतणारी निघाली. झालं, ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा, आत बिडाचे ओले लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या, ज्यांना बाहेरून थेट थंड करायचं पाणी लागतं. पुढे वायरने तेच इंजिन १९५७ मध्ये डीबीआर-२ या शर्यतीच्या गाडीत बसवलं. मारेकची इच्छा कुणी फारशी विचारात घेतली असेल असं वाटत नाही.

ऑक्टोबर १९५८ मध्ये लंडनच्या मोटार शोमध्ये डीबी-४ आली तेव्हा कंपनीने २४० हॉर्सपॉवर सांगितली होती. वेग ताशी १४० मैलांच्या आसपास, म्हणजे २२५ किलोमीटर. चारही चाकांना डिस्क ब्रेक, १९५८ मध्ये ही मोठीच गोष्ट. कंपनी अभिमानाने सांगायची की गाडी थांबलेल्या स्थितीतून १०० मैल वेगाला जाऊन पुन्हा ३० सेकंदांच्या आत थांबते. किंमत चार हजार पौंडांच्या जवळ. तीन वर्षांनी जॅग्वारने ई-टाइप जवळजवळ निम्म्या किमतीत आणली, आणि त्यानंतर अ‍ॅस्टन घेणाऱ्याला ती का घेतली हे स्वतःला पटवून द्यावं लागायचं. ब्राउनबद्दल एक किस्सा सांगतात. एक मित्र म्हणाला, मला तुझी गाडी कारखान्याच्या खर्चाच्या भावात दे. ब्राउन म्हणाला, आनंदाने, पण मग तुला जास्त पैसे द्यावे लागतील. खरं-खोटं कोण जाणे, हिशेब मात्र बरोबर होता.

तर ते अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या साधारण दुप्पट फुगतं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि क्रँक पोलादाची, म्हणजे इंजिन तापलं की मेन बेअरिंगची फट वाढणार. फट वाढली की तेल जास्त वाहून जाणार, दाब पडणार, तेल आणखी तापणार. शहरात, वळणावळणाच्या रस्त्यावर हे कधी जाणवलं नाही. पण २ नोव्हेंबर १९५९ ला एम-१ मोटरवेचा पहिला मोठा टप्पा उघडला. वेगाला मर्यादा नव्हती, ती १९६५ च्या डिसेंबरात आली. आणि हा रस्ता नेमका न्यूपोर्ट पॅग्नेलच्या उशाशी! नव्या डीबी-४ चा मालक तिथे चढायचा आणि तासभर पाय दाबून ठेवायचा. ब्रिटनमध्ये तोवर एवढा वेळ पूर्ण वेगाने गाडी चालवायची सोयच नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांची बेअरिंगं गेली. १९६० च्या दुसऱ्या मालिकेत तेलाचा चेंबर मोठा झाला, ऑइल कूलर मागून घेता येऊ लागला, आणि पुढच्या मालिकांमध्ये हा घोळ निस्तरला. जाता जाता, पहिल्या मालिकेचं बॉनेट काचेकडच्या बिजागरीवर उघडायचं. पूर्ण वेगात कडी निसटली तर काय होईल ते सांगायला नको. दुसऱ्या मालिकेत बिजागरी पुढे गेली.

मागच्या एक्सलचं मला कौतुक आहे. सगळ्यांनी अपेक्षा केली असती स्वतंत्र सस्पेन्शनची. त्यांनी अखंड एक्सलच ठेवला, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगवर, पुढे-मागे न सरकण्यासाठी दांडे आणि आडवा न सरकण्यासाठी वॉट लिंकेज. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचीच ती जुनी युक्ती: मधोमध फिरणारा एक छोटा दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन आडव्या काठ्या, आणि एक्सल सरळ वर-खालीच हलतो. साधं, मजबूत, आणि आजही एक माणूस दुपारभरात बुश बदलू शकतो.

डीबी-४ ची जीटी आवृत्ती आखूड होती, ती ७५ गाड्यांवर थांबली. इटलीच्या झागातो या कोचबिल्डरने बॉडी केलेल्या तर त्या वेळी १९ च. लिलावाच्या बातम्यांत येतात त्या याच, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय म्हणून पुढे जातो. पाचव्या मालिकेत गाडी थोडी लांब आणि टप थोडा उंच झाला, काहींना झाकलेले हेडलॅम्प मिळाले. १९६३ मध्ये त्यातच बोअर ९६ मिलिमीटर करून ३,९९५ घनसेंटिमीटरचं इंजिन बसवलं, तीन एसयू कार्बोरेटर, २८२ हॉर्सपॉवर, आणि नाव दिलं डीबी-५. हे चार लिटरचं इंजिनसुद्धा आधी १९६१ च्या लगोंडा रॅपिडमध्ये येऊन गेलेलं. डीबी-५ मध्ये खिडक्या विजेच्या, गालिचे लोकरीचे आणि आग विझवायची टाकी कंपनीकडूनच. १९६४ मध्ये जेम्स बॉण्डच्या 'गोल्डफिंगर'मध्ये जी गाडी दिसली ती डीबी-५ चा नमुना म्हणून वापरलेली होती, मुळात लालसर रंगाची. चित्रपटासाठी ती रुपेरी केली आणि बाकी जगाला माहीत आहे. दोन वर्षांत हजाराच्या थोड्या वर गाड्या बनल्या. प्रसिद्धीच्या मानाने हा आकडा अगदीच लहान आहे.

१९६५ च्या डीबी-६ मध्ये व्हीलबेस वाढला, मागची बाजू कापल्यासारखी झाली आणि नळ्यांच्या जागी मुडपलेल्या पत्र्याचा साधा सांगाडा आला. चार माणसं नीट बसू लागली, बांधायला सोपी झाली. डेंटर म्हणून सांगायचं तर डीबी-६ दुरुस्त करताना मी रात्री नीट झोपलोय. तरी विचाराल तर मन डीबी-४ वर आहे, दुसऱ्या-तिसऱ्या मालिकेच्या, उघड्या हेडलॅम्पच्या.

आता इंग्लंडला गेल्यावर काय बघायचं ते. न्यूपोर्ट पॅग्नेलला गाड्या बनणं २००७ मध्ये थांबलं, पण टिकफर्ड स्ट्रीटवर कंपनीचं जुन्या गाड्यांचं काम अजून चालतं. गेल्या काही वर्षांत तिथेच डीबी-४ जीटी आणि 'गोल्डफिंगर'ची डीबी-५ प्रत्येकी २५ नव्याने बांधल्या गेल्या. गाडी कुठेही भेटली तरी आधी मालकाला विचारा, हात खिशात ठेवा आणि पट्ट्याचं बक्कल शर्टाखाली झाका. समोरून फोटो सगळेच काढतात. तुम्ही मागच्या चाकापाशी बसा आणि दाराची फट खालून वर बघत या. ती केसासारखी सरळ असेल तर जरा संशय घ्या, कारखान्यातून त्या कधीच एवढ्या सरळ निघाल्या नव्हत्या. मग टपाच्या कडेने, खिडकीच्या वरून नजर मागे न्या. रंगात बारीक फोडांची माळ दिसते का ते बघा, ती नळीची जागा आहे. मालक दिलदार असेल तर दार त्याला उघडू द्या आणि लावू द्या. आवाज ऐका, आणि दार शेवटच्या इंचात वर उचललं जातंय का ते पाहा. उचललं जात असेल तर सिल खचलाय.

आणि बॉनेट उघडलंच, तर सगळे दोन कॅम-कव्हरच्या चकाकीकडे बघत राहतील. तुम्ही मान वाकवून ब्लॉकच्या कडेला खाली बघा. तिथे लहान भोकं असतात. लायनरच्या खालच्या सीलमधून पाणी झिरपायला लागलं की ते बाहेर दिसावं म्हणून ठेवलेली. भोकाखाली वाळलेल्या पाण्याचा डाग असेल तर मालकाला खर्च येणार आहे. आणि भोकंच दिसत नसतील, रंगाने किंवा सीलंटने बुजवलेली असतील, तर खर्च आधीच्या मालकाला माहीत होता.